मामांच्या बॉक्सवरचा चौकोन

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे त्याचं लेखी रूप. आजचा विषय आहे क्यूआर कोडचा इतिहास. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

आमचं गाव उचगाव. कोल्हापूरला चिकटलेलं, पुणे-बंगळूर हायवेच्या कडेचं, शेजारी गांधीनगरची कापडपेठ. इथं माझ्या मामांचं कोल्हापुरी चपलांचं छोटं दुकान आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. एका दिवाळीच्या आधी गावी आलो आणि मामांना म्हणालो, "मामा, बॉक्सवर क्यूआर कोड छापूया. हायवेवरचं गिऱ्हाईक एकदा घेऊन जातंय, परत कुठं सापडतंय? घरी बसून स्कॅन केलं की सरळ आपल्या व्हॉट्सॲपवर आलं पाहिजे."

मामांनी हजार बॉक्स छापून घेतले. कोड मी एका फुकटच्या वेबसाइटवर बनवला, पाच मिनिटांत. पहिले काही दिवस नाद खुळा! पुण्याहून, नाशिकहून मेसेज येऊ लागले. आणि दोन आठवड्यांनी मामांचा फोन, "अरं, त्यो तुझा चौकोन भलतीकडंच न्हेतोय की. पैसे भरा म्हणतोय."

फुकटची मुदत संपली होती. तोवर तीनेकशे बॉक्स लोकांच्या घरी पोचलेले. मामी म्हणाल्या, "लोकांना वाटणार, दुकान बंद पडलं." बीटेक झालेल्या माणसाला याहून जास्त लाज कशाची वाटणार?

त्या रात्री एकच प्रश्न डोक्यात होता. बॉक्स मामांचा, चप्पल मामांची, मग त्या चौकोनाचा मालक कोण? उत्तरासाठी थोडं मागं जाऊया.

आधी आला साधा बारकोड. नॉर्मन जोसेफ वुडलँड हा अमेरिकन तरुण मायामीच्या समुद्रकिनारी बसला होता. त्याला मोर्स कोड येत होता. वाळूत त्यानं टिंबं आणि रेघा काढल्या आणि बोटांनी त्या खाली ओढल्या. झाल्या जाड-बारीक उभ्या रेषा! त्यानं आणि बर्नार्ड सिल्व्हरनं 1949 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1952 मध्ये पेटंट मिळालं. पण तेव्हा तो वाचायला स्वस्त लेझर नव्हता, स्वस्त कॉम्प्युटरही नव्हता. दुकानात आजच्या पद्धतीचा बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तो 26 जून 1974 ला, ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटात. वस्तू काय? च्युइंगगमचं पाकीट.

बारकोडची अडचण अशी की त्यात माहिती एकाच दिशेनं, आडवी बसते. वीसेक अक्षरं झाली की जागा संपली. जपानमध्ये टोयोटाच्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत एकेका खोक्यावर अनेक बारकोड असायचे. कामगार दिवसभर स्कॅन करून वैतागलेले. तिथला इंजिनिअर मासाहिरो हारा जेवणाच्या सुट्टीत 'गो' खेळायचा. पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या, आडव्या आणि उभ्या. त्याला सुचलं, माहिती दोन्ही दिशांनी का लिहू नये?

1994 मध्ये क्यूआर कोड आला. क्यूआर म्हणजे 'क्विक रिस्पॉन्स', झटपट उत्तर. आता फोन काढा आणि कुठलाही कोड नीट बघा. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतात ना? त्यांच्या मधून कुठूनही रेघ मारली तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच येतं. हाराच्या टीमनं ढीगभर छापील कागद तपासून, छपाईत सगळ्यात कमी सापडणारं प्रमाण म्हणून हे शोधून काढलं. त्यामुळं स्कॅनरला कोड लगेच सापडतो, तुम्ही फोन उलटा धरा नाहीतर तिरका. शिवाय दुरुस्तीची सोय आहे. सगळ्यात वरच्या पातळीवर कोडचा जवळपास 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. दुकानातल्या कोडवर तेलाचा डाग पडला तरी पैसे जातात, ते याच्यामुळं.

सगळ्यात मोठी गोष्ट पुढं आहे. कंपनीनं पेटंट घेतलं, पण ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे कोड वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. 2000 मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. म्हणजे क्यूआर कोड काढणं जगात कुणालाही फुकट आहे. तुम्हाला, मला, मामांनाही!

आपल्याकडं तो गल्लीबोळात पोचला तो 2016 नंतर. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओमुळं डेटा स्वस्त झाला आणि 8 नोव्हेंबरला 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या. फेब्रुवारी 2017 मध्ये भारत क्यूआर आला. पुढं भाजीवालीच्या गाडीवरही चौकोन दिसू लागला. त्याच काळात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकून मुलांना कविता, व्हिडिओ पोचवत होते. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

मग माझ्या कोडचं काय चुकलं? ऐका. कोड दोन प्रकारचे असतात. स्थिर कोडमध्ये तुमचा पत्ता थेट त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत लिहिलेला असतो. त्याला मुदत नसते. दुसरा बदलता कोड, त्यालाच डायनॅमिक म्हणतात. त्यात तुमचा पत्ता नसतोच. त्यात त्या वेबसाइटची छोटी लिंक असते. गिऱ्हाईक आधी तिच्या दारात जातं, आणि ती म्हणते, "उचगावला जायचंय? असं जा." फायदा असा की पत्ता नंतर बदलता येतो, किती जणांनी स्कॅन केलं ते मोजता येतं. पण दार दुसऱ्याचं. त्यानं बंद केलं की बसा बोंबलत. मी न वाचता दुसऱ्या प्रकारचा कोड घेतला होता.

उरलेल्या सातशे बॉक्सवर आम्ही दोन रात्री बसून नवे स्टिकर लावले. मी, मामा आणि मामी. या वेळी कोड स्थिर, आणि पत्ता दुकानाच्या नावानं घेतलेल्या डोमेनचा. उद्या व्हॉट्सॲप नंबर बदलला तरी डोमेनवर तो आम्हीच बदलू शकतो. फक्त दरवर्षी त्याचं भाडं भरायला विसरायचं नाही. ते काम मामांनी माझ्यावर टाकलंय, आणि पाडव्याला आठवणही करून देतात. गेलेले तीनशे बॉक्स मात्र गेले.

आता ही गोष्ट फक्त मामांची राहिलेली नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून 2025 मध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. केवढा गदारोळ झाला, आठवतोय ना? त्यानंतर महिन्याभरात राज्याच्या लिडकॉम महामंडळानं क्यूआर कोडची माहिती पुढं आणली. जोडीवरचा कोड स्कॅन केला की ती कुठल्या कारागिरानं किंवा बचतगटानं बनवली, कुठं बनवली, कातडं कुठलं, हे दिसावं, अशी ती कल्पना. हातानं वादी ओवणाऱ्या माणसाचं नाव आजवर गिऱ्हाइकापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. ते पोचायचं तर तो कोड पाच-दहा वर्षांनीही उघडला पाहिजे. आमच्यासारखा दोन आठवड्यांत बंद पडून चालणार नाही.

तर मंडळी, घरच्या दुकानासाठी कोड बनवणार असाल तर छापण्याआधी तो स्वतः स्कॅन करा आणि उघडणारा पत्ता अक्षर-अक्षर वाचा. त्यात तुमचं नाव नसेल तर छापखान्याला थांबायला सांगा. गल्ल्याजवळच्या पेमेंटच्या कोडवर कुणी दुसरा स्टिकर चिकटवला नाही ना, तेही रोज सकाळी बघा. आणि पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही, हे आईवडिलांना आजच सांगा.

मामांकडं आता कुणी कोडबद्दल विचारलं की ते मोठ्या ऐटीत म्हणतात, "आमचा स्थिर हाय."

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!