चिखल वाचणारी माणसं

मंडळी, आमच्या धंद्यात लॉग वाचणं म्हणजे पडलेल्या सर्व्हरची नाडी बघणं. तेलविहिरीवर हेच काम चिखल बघून चालतं.

१९०१, टेक्सासमधलं स्पिंडलटॉप. वाळूत भोक ढासळायचं, म्हणून हॅमिल बंधूंनी डबक्यात गुरं फिरवून चिखल केला, असं सांगतात. १० जानेवारीला तेल उसळलं, दिवसाला सुमारे १ लाख बॅरल! खाली काय आहे ते कळलं कधी, तर चिखलच वर उडाला तेव्हा.

चिखल पाइपातून खाली जातो आणि दगडाचा चुरा, वायू घेऊन बाहेरच्या फटीतून वर येतो. तो सलग तपासून खोलीनुसार नोंदायची पद्धत १९३९ च्या सुमारास जॉन हेवर्डने आणली. खरी गंमत 'लॅग'ची. फटीत ६० घनमीटर चिखल मावतो आणि पंप मिनिटाला २ ढकलतो असं धरा. म्हणजे हातातला चुरा ३० मिनिटं शिळा! भोक रुंदावलं तर हिशेब बोंबलला. मग पाइपात कार्बाइड टाकून त्याचा वायू वर यायला किती वेळ लागतो ते बघायचं.

टाकीची पातळी मात्र लगेच बोलते. विनाकारण वाढली, की खालून काहीतरी घुसलंय. २० एप्रिल २०१० ला 'डीपवॉटर होरायझन'वर दुपारी चिखल शेजारच्या जहाजात सोडत होते, त्यामुळे पातळीवर नजर ठेवणं अवघड झालं. रात्री नऊनंतर पाइपातला दाब उतरायच्या ऐवजी चढत होता. लॉगमध्ये ती रेघ स्पष्ट आहे. पावणेदहाच्या सुमारास स्फोट झाला, ११ माणसं गेली.