कोलनपलीकडची टेप

सत्तरच्या दशकात युनिक्सचं मशीन आणि त्याची टेप एकाच खोलीत नांदत. १९७९ साली बेल लॅब्जच्या सातव्या आवृत्तीत फाइली टेपवर उतरवणारं 'टार' आलं. अख्ख्या डिस्कची नक्कल टेपवर घेणारं 'डम्प' त्याच्याही आधीचं. दोघांचं गृहीतक एकच, की टेप याच मशीनला जोडलेली आहे.

मग ईथरनेट आलं आणि मशीनं वाढली. डिस्क प्रत्येकाला मिळाली, पण कपाटाएवढा महागडा टेप ड्राइव्ह एखाद्याच मशीनला. बर्कलीच्या मंडळींनी १९८३ च्या ४.२बीएसडीत यावर तोडगा दिला: 'आरडम्प' आणि 'आरएमटी'. आरडम्प चालायचं डिस्कवाल्या मशीनवर, आणि तेच टेपवाल्या मशीनवर आरएमटी सुरू करायचं.

दोघांतला संवाद बघण्यासारखा आहे. हुकूम एकेका अक्षराचे: ओ म्हणजे ड्राइव्ह उघड, डब्ल्यू आणि आकडा म्हणजे इतके बाइट लिही, आर म्हणजे वाच, सी म्हणजे बंद कर. जमलं तर उत्तरात ए आणि आकडा. फसलं तर ई, चुकीचा क्रमांक आणि कारण. बस्स! आजच्या प्रोटोकॉलची शेकडो पानी कागदपत्रं वाचताना या काटकसरीचा हेवा वाटतो.

आकडा आधी सांगण्याला कारण होतं. टेपवर मजकूर ब्लॉकने उतरतो. टार एका दमात ५१२ बाइटांचे २० तुकडे, म्हणजे १०,२४० बाइट लिहितं. नेटवर्कवरून मात्र माल कमी-जास्त, येईल तसा येतो. तो तसाच लिहिला तर टेपवर लहानमोठे ब्लॉक पडणार. म्हणून आरएमटी सांगितलेला आकडा पुरा होईपर्यंत थांबतं, मगच लिहितं. थेट पाइपने टेपकडे माल धाडणारे पलीकडे ठरल्या मापाचे ब्लॉक बांधणारं 'डीडी' बसवत, तेही याचसाठी.

विश्वासाची बाजू मात्र लंगडी होती. 'आरहोस्ट्स' फाइलीत नाव असलं की पासवर्ड कोणी विचारत नसे, आणि सगळा डेटा वायरीवरून उघडावाघडा जाई. १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू यलोनन यांनी डेटा कुलूपबंद करून धाडणारं एसएसएच लिहिलं. पुढे आरएमटीसुद्धा त्याच्यावरून चालवता येऊ लागलं.

दूरच्या ड्राइव्हचा पत्ता लिहायची रीत अशी: मशीनचं नाव, कोलन, ड्राइव्हचं नाव. जीएनयू टार ती अजून पाळतं. अर्काइव्ह फाइलच्या नावात कुणी १०:३० अशी वेळ घातली, की कोलनच्या डावीकडचा भाग टार मशीनचं नाव समजतं, नेटवर्कवर शोधायला जातं आणि जोडणी होत नाही म्हणून तक्रार करतं. फाइल इथलीच आहे हे सांगणारा 'फोर्स-लोकल' हा पर्याय त्यासाठीच ठेवला आहे.