घुशीचं नाव सातासमुद्रापार

धुळ्याच्या आमच्या घराची मागची भिंत माझ्या लहानपणी तीनदा पडली आणि तिन्ही वेळा आरोपी एकच निघाला : घूस. गवंडी यायचा, उकरलेल्या मातीच्या ढिगाकडे बघून मान हलवायचा आणि म्हणायचा, "हाई उंदीरनं काम नही भाऊ, हाई घूस शे."

आई तिला मारू द्यायची नाही. गणपतीचं वाहन! त्यावर वडिलांचं म्हणणं असं, की उंदीर हे वाहन कबूल. पण ही मालट्रक आहे, हिच्यावर गणपती बसल्याचा पुराणात दाखला नाही. दाखला शोधता शोधता पावसाळा निघून जायचा. घूस राहायची, भिंत जायची.

आता त्या घरात घुशीखेरीज कोणी राहत नाही. मी जळगावला, थोरले बंधू पुण्याला, त्यांचा मुलगा सिडनीला. घर विकायचं ठरून चार वर्षं झाली. ठरणं आणि करणं यांच्यात आमच्या घराण्यात एवढं अंतर पडतंच. अशात एके रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, आमच्या लॉनवर रोज रात्री कोणीतरी खड्डे करून जातं. वर रुंद, खाली निमुळते. शेजारी म्हणतो, बँडिकूट!"

मला भरून आलं. परदेशात मुलाला गावचं माणूस भेटावं तसं झालं. म्हटलं, "अरे, बँडिकूट म्हणजे आपली घूस! पिंजरा लाव."

"काका, इथे तिला हात लावला तर गुन्हा आहे. आणि ही घूस नाही. हिच्या पोटाला पिशवी आहे."

पिशवी! उमेदीची वर्षं रेशनच्या रांगेत पिशवी धरून घालवलेला मी माणूस. पण घुशीच्या पोटाला पिशवी हे ऐकलं नव्हतं. आणि धुळेकराला शब्दाचं मूळ सापडेपर्यंत झोप लागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली आमच्याच गावी वारले. दप्तरं शोधता शोधता त्यांनी धातू आणि व्युत्पत्त्याही खणून काढल्या, आणि ती उकरण्याची खोड गावाला लागली ती लागलीच. (घुशीला ती आधीपासून होती.)

तर उकरल्यावर सापडलं ते असं. 'बँडिकूट' हा शब्द मुळात इंग्रजी नाहीच. तो तेलुगू. 'पंदि' म्हणजे डुक्कर आणि 'कोक्कु' म्हणजे मोठा उंदीर. पंदिकोक्कु, डुक्कर-उंदीर. आमच्या धान्याच्या खोलीत रात्री जो हुंकार ऐकू यायचा तो ज्यानं ऐकलाय त्याला हे नाव पटेल. साहेबानं त्याचं बँडिकूट केलं. 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश १८८६ साली निघाला, त्यातही त्याचं हे तेलुगू मूळ दिलेलं आहे.

पुढे १७८८ साली इंग्रजांनी सिडनीला वसाहत केली. तिकडे कलकत्त्याहून जहाजं जात, धान्य जाई आणि धान्याबरोबर शब्दही जात. तिथे त्यांना लांब नाकाचा, रात्री जमीन उकरणारा, सशाएवढा एक प्राणी दिसला. आता नवं नाव शोधायला कोणाला सवड? इंडियात असलंच काहीतरी पाहिलं होतं; म्हणाले, हाही बँडिकूट! जुन्या कपाटावरची पाटी काढून नव्या कपाटावर डकवावी, आत काय आहे ते बघू नये, ही सरकारी पद्धत तेव्हापासूनची आहे.

कारण आत सगळंच वेगळं. ती बँडिकूट कांगारूच्या गोतातली, शाळेच्या पुस्तकात ज्यांना शिशुधानी प्राणी म्हणतात त्यांतली. तिचं गर्भारपण फक्त साडेबारा दिवसांचं. आपल्याकडे तेवढ्यात मुलाचं बारसं होतं, तिच्याकडे तेवढ्यात मूल होतं! जन्मतः पिल्लाचं वजन पाव ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तांदळाचे दहाएक दाणे. ना डोळे उघडलेले, ना अंगावर केस. तो जीव नाळेचा दोर न तोडता सरपटत पिशवीत शिरतो, आचळाला चिकटतो आणि उरलेलं वाढणं तिथे उरकतो. पन्नासेक दिवसांत तो बाहेर, की पुढच्या पिल्लांना जागा मोकळी. पिशवीचं तोंड कांगारूसारखं वर नसतं, मागे असतं. आई पुढच्या पायांनी उकरते ना. तोंड पुढे असतं तर पिल्लांच्या अंगावर मातीची टोपली ओतली गेली असती. आमच्या गवंड्यानं धुराड्याचं तोंड वाऱ्याकडे ठेवलं होतं. त्यानं ही पिशवी बघायला हवी होती.

मग असले प्राणी आपल्याकडे का नाहीत? कारण आपली गाडी आधी सुटली. भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळे एकाच लांबलचक गाडीचे डबे होते. त्या गाडीचं नाव गोंडवन, आणि तेही मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून घेतलेलं. पण भुसावळला डबे कापावेत तसा आपला डबा सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी कापला गेला. पिशवीवाले दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियाच्या डब्यात चढले ते त्यानंतर. आपण तोवर समुद्रात एकटेच निघालो होतो. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा वाहून आपला दख्खनचा काळा पत्थर थिजला, तोही वाटेतच.

म्हणजे नात्याचा हिशोब असा, की आमची घूस सिडनीच्या बँडिकूटपेक्षा मला जवळची. घूस आणि मी दोघेही नऊवार वारेवर वाढलेले, पिशवीचा संबंध नाही. हे मी घरात सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "मला माहेरी कोणी सांगितलं नव्हतं, पण लग्नानंतर लक्षात आलं."

हसण्यावारी नेलं, पण पुढचं वाचून गप्प झालो. ज्या साहेबानं तिला नाव दिलं त्यानंच शिकारीची हौस म्हणून तिकडे कोल्हे नेऊन सोडले. कोल्ह्यांनी आणि मांजरांनी या प्राण्यांचा फडशा पाडला. डुकरासारख्या खुरांची एक जात तर कायमची गेली. दुसरी, अंगावर पट्टे असलेली, व्हिक्टोरिया प्रांतात रानातून पार नाहीशी झाली होती. कुंपणं घालून, राखणीला कुत्रे ठेवून, बेटांवर नेऊन तिला वाढवली, तेव्हा २०२१ साली ती 'रानातून नामशेष'च्या यादीतून 'धोक्यात'च्या यादीत आली. धोक्यात आल्याचा आनंद झालेला हा पहिला प्राणी मी ऐकला.

गेल्या महिन्यात गिऱ्हाइकाला घर दाखवायला धुळ्याला गेलो. पारोळा येईपर्यंत एस.टी.त मनाशी ठरवलं होतं, घुशीचा विषय काढायचा नाही. पण त्यानंच मातीचा ढीग पाहून विचारलं, "घूस का?" झालं! मी पंदिकोक्कुपासून साडेबारा दिवसांपर्यंत सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पाया पोकळ आहे." भाव एकदम पन्नास हजारांनी उतरवला. मी नाही म्हटलं. बंधू फोनवर रागावले.

रात्री तिथेच ओसरीवर पडलो. बारा वाजता धान्याच्या खोलीतून तो हुंकार आला. खोलीत धान्याचा दाणा नाही. आई जाऊन अठरा वर्षं झाली.

सकाळी पुतण्याचा निरोप : "काका, आजीची घूस अजून आहे? फोटो पाठवा." ती काही फोटोला बसणारी नव्हे. मी बिळाचा पाठवला. त्यानं उलट लॉनवरच्या खड्ड्याचा पाठवला. घरी येऊन दोन्ही हिला दाखवले आणि विचारलं, यातलं सिडनी कुठलं?

ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "दोन्हीकडे भिंतीपासून लांब उकरायला सांगा."