नाटक मंडळीची मालकीण : हिराबाई बडोदेकर



मागे एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. एक ताई अगदी मागे, दाराशी बसलेल्या. त्यांनी पापडाचा धंदा घातला होता, तो चालला नाही, बंद करावा लागला. गटाचं कर्ज त्या हप्त्याहप्त्यानं फेडत होत्या, एकही हप्ता चुकला नव्हता. तरी म्हणाल्या, "धंदा बुडवला ना मी, पुढं कशी बसू?" घरी परतताना आमच्या डोक्यात तेच वाक्य घोळत होतं. म्हणून आज आम्ही अशा एका बाईची गोष्ट सांगणार आहोत, जिचा धंदा खरंच बुडाला होता. आणि तो काही लहान धंदा नव्हता. अख्खी नाटक कंपनी होती.

तिचं नाव हिराबाई बडोदेकर. थोरल्या गायिका म्हणून तुमच्यापैकी काहींनी हे नाव रेडिओवर ऐकलंही असेल. पण त्या एका नाटक मंडळीच्या मालकीण होत्या, हे फार जणींना ठाऊक नसतं.

हिराबाईंचा जन्म १९०५ सालचा, मिरजेचा. वडील अब्दुल करीम खाँ, किराणा घराण्याचे मोठे गवई. आई ताराबाई माने बडोद्याच्या, त्यावरूनच पुढे बडोदेकर हे नाव आलं. हिराबाई वयात येत होत्या त्याच सुमाराला आईवडील वेगळे झाले. पदरात पाच लेकरं, तीन मुली आणि दोन मुलगे. ताराबाई त्या सगळ्यांना घेऊन वेगळ्या राहिल्या. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. नवऱ्याविना पाच मुलांचं घर चालवणाऱ्या बाईला लोक काय काय बोलत असतील, ते आम्ही वेगळं सांगायला नको. ताराबाईंकडे शेत नव्हतं. होतं ते गाणं, आणि ते पाचही लेकरांच्या गळ्यात होतं.

त्या काळी चांगल्या घरची बाई चारचौघांत गात नसे. गाणं व्हायचं ते दिवाणखान्यात, मोजक्या पुरुषांपुढे, आणि गाणाऱ्या बाईकडे बघायची नजर वेगळी असायची. हिराबाईंनी ही रीत मोडली. अंगभर पदर घेऊन, खाली मांडी घालून, हातवारे न करता त्या गायच्या. तिकीट लावून त्यांचे जाहीर जलसे होऊ लागले. ज्याला ऐकायचं त्यानं तिकीट काढून यावं आणि गाणं ऐकून जावं, एवढाच व्यवहार. बायकाही ऐकायला येऊ लागल्या.

मग आली नाटकाची गोष्ट. त्या वेळी मराठी संगीत नाटकाचं केवढं वेड होतं! पण रंगमंचावर बाईचं काम करायचे पुरुष. बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूची नक्कल घरंदाज बायका करायच्या, मात्र त्यांनी स्वतः रंगमंचावर पाऊल ठेवायचं नाही. काही मंडळ्या निव्वळ बायकांच्या होत्या. तिथे उलटं, पुरुषाचं कामही बाईच करायची. बाई आणि पुरुष एकत्र उभे राहून नाटक करतात, हे लोकांना पटण्यासारखं नव्हतं.

१९२९ साली हिराबाईंनी स्वतःची नाटक मंडळी उभी केली. वय चोवीस. त्यांच्या मंडळीत बाईचं काम बाई करणार आणि पुरुषाचं काम पुरुष. सोबतीला घरचीच माणसं होती. भाऊ सुरेशबाबू, बहिणी कमलाबाई आणि सरस्वती. सरस्वतीचं वय तेव्हा सोळाच्या आसपास. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' त्यांनी केलं आणि सुभद्रा झाल्या स्वतः हिराबाई. सुभद्रेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालेला, आणि तिचं मन अर्जुनावर. आपलं लग्न कुणाशी व्हावं हे सांगणारी ती मुलगी सत्तेचाळीस वर्षं बहुतेक पुरुषाच्याच तोंडून बोलत आली होती. आता ते एका बाईच्या तोंडून ऐकू येऊ लागलं.

आता थोडं हिशेबाचं बोलू, कारण नाटक मंडळी चालवणं म्हणजे नुसतं गाणं नव्हे. संगीत नाटकाची मंडळी हे एक फिरतं गावच असायचं. नट, गवई, तबलजी, सारंगीवाला, पडदे ओढणारी माणसं, कपडेपट सांभाळणारी माणसं आणि स्वयंपाकी. एका गावचा मुक्काम संपला की पडदे, पेटारे, भांडीकुंडी गाडीत घालायची आणि पुढच्या गावाला जायचं. खेळ असो नसो, रोजचा भटारखाना पेटायलाच हवा. पाऊस पडला, गावात साथ आली, लोक आले नाहीत, तरी पगार द्यायचाच. येणारा पैसा एकाच वाटेनं येणार, तिकिटाच्या. जाणारा पैसा मात्र दहा वाटांनी जाणार. आपल्या गटातल्या कुणीही सांगेल, असा धंदा सांभाळायला हाताशी शिल्लक लागते.

आणि वेळ वाईट होती. १९२९ पासून जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, तर बाजारपेठेच्या गावात नाटकाला कोण येणार? त्यात १९३१ ला 'आलम आरा' हा बोलपट आला, आणि १९३२ ला कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा मराठी 'अयोध्येचा राजा'. बोलपटाला ना भटारखाना, ना रोजचे नट. तिकीट स्वस्त, आणि तोच खेळ एका वेळी दहा गावांत लावता येतो. मोठमोठ्या नाटक मंडळ्या डबघाईला आल्या. बालगंधर्वांची मंडळीसुद्धा कर्जात होती. हिराबाईंची तर नवी आणि लहान. काही वर्षांतच ती बंद करावी लागली आणि डोक्यावर मोठं कर्ज राहिलं.

इथून पुढची गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. हिराबाईंनी ते कर्ज फेडलं. कशावर? गाण्यावर. गावोगावी जलसे केले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, बोलपटांत कामं केली. रात्रीचं गाणं, पहाटेची गाडी, पुन्हा दुसऱ्या गावी गाणं. ज्या गळ्यानं मंडळी उभी केली, त्याच गळ्यानं तिचं देणं चुकवलं.

हे सोपं होतं असं आम्ही म्हणत नाही. कर्ज मंडळीचं असलं तरी ते फेडण्याचं ओझं मुख्यतः एका बाईवर आलं. मंडळीबाहेर कमावण्याची कला त्यांच्यापाशी होती, म्हणून त्या तरल्या. सगळ्या अंड्यांची टोपली एकाच कोंबडीच्या भरवशावर ठेवू नये, असं आपण गटात म्हणतो ना, तेच हे.

पण दुसरीही बाजू बघा. धंदा बंद झाला म्हणून हिराबाई कुठे मागे जाऊन बसल्या नाहीत. पुढे १९४९ साली त्या पूर्व आफ्रिकेत गायला गेल्या. १९५३ साली भारताच्या शिष्टमंडळातून चीनला गेल्या. १९६५ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७० ला पद्मभूषण. सुरेशबाबूंच्या आणि हिराबाईंच्या हाताखाली प्रभा अत्रे शिकल्या आणि त्याही देशभर नावाजल्या. १९८९ साली हिराबाई गेल्या.

आणि मंडळीचं काय झालं? पैशाच्या वहीत ती तोट्यातच दिसेल. पण बाई आणि पुरुष एकत्र नाटक करू शकतात, आणि अब्रूनं करू शकतात, हे लोकांनी तिकीट काढून पाहिलं होतं. पुढं मराठी रंगमंचावर बायकांची कामं बायकाच करू लागल्या. आज आपल्या गावच्या शाळेत मुली गॅदरिंगला नाटक करतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. त्यात हिराबाईंचा वाटा आहे. वहीत तो कुठल्या रकान्यात लिहायचा, ते आम्हालाही सुचलेलं नाही.

पुढच्या बैठकीत ही गोष्ट वाचून दाखवा आणि त्यावर बोला. धंदा बंद पडणं आणि कर्ज बुडवणं या दोन गोष्टी आपण एकच समजतो का? आणि हो, दाराशी कुणी बसली असेल, तर तिला आधी पुढं बोलवा.