विरोध आणि वैर : इंद्रावतीकाठचा एक अध्याय

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता सागाच्या दाट वनातून जातो. भामरागड येण्याच्या थोडे अलीकडे हेमलकसा लागते आणि पुढे पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. पलीकडच्या तीरावर छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा जगाशी संबंध तुटावा, हा येथील कित्येक वर्षांचा अनुभव. माडिया गोंडांची ही भूमी. लोकशाहीचा इतिहास लिहिणारे बहुधा दिल्ली-मुंबईच्या सभागृहांकडे पाहतात. या रानाकडे कोणाची नजर सहसा वळत नाही. तथापि मतभेद कसा मांडावा, तो कसा मिटवावा आणि मिटत नसेल तर त्याच्यासह एकत्र कसे राहावे, या विद्येचा एक मोलाचा अध्याय याच भागात लिहिला गेला आहे. त्याची उजळणी करावी, असे आम्हांस वाटते.

वाटण्याचे कारणही सांगून टाकतो. गावच्या निवडणुकीत दोन पक्ष पडतात, गुलाल उधळला जातो, आणि त्यानंतर सख्खे भाऊ बांधावर समोरासमोर आले तरी बोलेनासे होतात. पिढ्यान्‌पिढ्या देवळात एकाच बाकावर बसणारी दोन घरे मिस्साला दोन टोकांना बसू लागतात. निवडणूक पाच वर्षांनी संपते. अबोला मात्र पुढच्या पिढीच्या लग्नकार्यापर्यंत टिकतो. आपल्यापैकी ज्याने हे पाहिले नाही, असा वाचक विरळाच.

टेबलाभोवती कोण बसले होते?

आमच्या कथेची सुरुवात एका तंट्यापासून होते. गोदावरी आणि तिच्या उपनद्यांचे पाणी कोणी किती वापरावे, यावरून राज्याराज्यांत वाद होता. 1956 च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्याखाली 1969 साली गोदावरी लवाद नेमला गेला. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि ओरिसा या राज्यांनी आपापली बाजू मांडली, वाटाघाटी केल्या, करार केले. 1980 साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाचा अंतिम निवाडा आला. राज्ये एकमेकांशी भांडत बसली नाहीत, कागद पुढे ठेवून तोडग्याला आली, ही गोष्ट आपल्या संघराज्याला भूषणावह आहे, यात शंका नाही.

पण या तडजोडीत एक उणीव राहिली. या योजनांत गोदावरीवर इंचमपल्ली येथे आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम येथे मोठी धरणे बांधण्याचे घाटत होते. त्यांच्या पाण्याखाली जाणार होती ती जंगले आणि ती गावे, जिथे माडिया व गोंड राहत होते. लवादापुढे पक्षकार म्हणून उभी होती ती राज्ये. ज्यांचे घर बुडणार, तो माणूस कायद्याच्या दृष्टीने त्या तंट्यातील पक्षकारच नव्हता. सर्व पक्ष समाधानी झाले, असे कागदावर लिहिले गेले, तेव्हा ज्याचे सर्वांत अधिक जाणार होते तो टेबलापाशी नव्हता. अनेक संघर्षांचे मूळ असे असते. समेट होतो, परंतु तो चुकीच्या माणसांत होतो.

हेमलकशाचा आवाज

बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. वरोऱ्याचे आनंदवन उभारणाऱ्या बाबांनी या कामाची धुरा आपले धाकटे पुत्र डॉ. प्रकाश यांच्या हाती दिली. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी यांनी झोपडीत राहून दवाखाना चालविला, पुढे शाळा काढली. 2008 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे वाचकांस ठाऊक असेलच. आम्हांस येथे एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. दवाखान्याने आदिवासींचा जो विश्वास मिळविला, त्याच्या बळावर पुढे एक सार्वजनिक लढा उभा राहू शकला.

1980 नंतरच्या त्या वर्षांत धरणांच्या विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ उभी राहिली. हेमलकसा हे तिचे एक केंद्र होते. बाबांच्या बरोबरीने तिच्या अग्रभागी होते पानाबारसचे जमीनदार लाल श्यामशाह. 1962 साली ते चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले होते आणि आदिवासींच्या गाऱ्हाण्यांना दाद मिळत नाही, म्हणून 1964 साली त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला होता. सभागृहात न ऐकला गेलेला आवाज घेऊन हा मनुष्य वीस वर्षांनी पुन्हा लोकांत उभा राहिला. पण हाती शस्त्र घेऊन नव्हे.

बाबांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांना पत्र लिहिले. इंदिराजींनी उत्तर पाठविले. विकासकामांमुळे आदिवासी विस्थापित होतात आणि त्यांचे पुनर्वसन नेहमी नीट होत नाही, याचे आपल्याला दुःख आहे, अशी कबुली त्यांनी दिली. तथापि व्यापक हितासाठी कधीकधी दुसरा मार्ग उरत नाही, असेही सांगितले. हे उत्तर बाबांना पटणारे नव्हते. परंतु या पत्रव्यवहाराची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. विरोध स्पष्ट होता, भाषा सभ्य होती आणि समोरच्याच्या म्हणण्यात जेवढे सत्य आहे तेवढे ऐकून घेण्याची तयारी दोन्हीकडे होती. पत्रे, मोर्चे, सभा आणि गावोगावच्या बैठका यांच्या रेट्याने 1985 साली दोन्ही प्रकल्प बाजूस ठेवण्यात आले. इंचमपल्लीचे नाव नदीजोडणीच्या चर्चेत अधूनमधून पुन्हा निघते. म्हणून हा विजय कायमचा होता, असा दावा आम्ही करीत नाही.

त्याच 1985 च्या डिसेंबरात, सत्तरी ओलांडलेले आणि मणक्याच्या विकाराने जर्जर झालेले बाबा तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले. पंजाब तेव्हा धगधगत होता, देशात धर्माधर्मांत तेढ वाढत होती. धरणाला विरोध करणारा माणूस आणि देश जोडायला निघणारा माणूस एकच होता, हे विसरता कामा नये. विरोध करणे आणि तोडणे ही एकच क्रिया आहे, असे समजणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

एकाचे ‘नाही’

धरणविरोधी चळवळीतून गडचिरोलीच्या गावांना एक प्रश्न मिळाला. आपल्याबद्दलचे निर्णय दूर कुठेतरी होतात, तर आपल्या गावातले निर्णय तरी आपण कसे करतो? या प्रश्नाचे सर्वांत जिद्दीने उत्तर शोधले ते हेमलकशापासून बरेच उत्तरेस, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने. देवाजी तोफा हे गावचे कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सहकारी. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुढे महाराष्ट्रभर पोहोचली. या घोषणेचा पहिला अर्धा भाग लोक विसरतात. दिल्ली-मुंबईचे सरकारही ‘आमचे’च आहे, असे ही घोषणा आधी मान्य करते आणि मगच स्वतःचा अधिकार सांगते.

मेंढ्याच्या ग्रामसभेचा नियम साधा आहे : निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाही माणसाची खरी हरकत असेल तर निर्णय पुढे ढकलायचा, पुन्हा बसायचे. याच्या जोडीला अभ्यासगट असतो. तेथे निर्णय घ्यायचा नसतो, नुसता विषय समजून घ्यायचा असतो. बाहेरच्या जाणकारांना बोलावून कायदा, जंगल, हिशेब यांची माहिती घ्यायची असते. विचार करण्याची जागा आणि निर्णय करण्याची जागा वेगळी ठेवल्यामुळे माणसाला आपले मत हरल्याची नामुष्की न पत्करता बदलता येते. आम्हांस हे फार शहाणपणाचे वाटते. आपल्याकडील पुष्कळ सभांत माणूस मत मांडता क्षणीच त्या मताचा कैदी होतो.

हा मार्ग वेळखाऊ आहे. गावातील स्त्रियांना दारू नको होती. दारू पूजेला लागते, असे काहींचे म्हणणे होते. मत मोजून विषय एका संध्याकाळी निकालात काढता आला असता आणि दुसऱ्या दिवसापासून तो निर्णय चोरून मोडलाही गेला असता. गावाने बराच काळ चर्चा केली आणि पूजेपुरती मोकळीक ठेवून दारूबंदी स्वीकारली. ज्यांची हरकत होती तेच मग त्या निर्णयाचे राखणदार झाले. गोटुल बांधण्यासाठी जंगलातील लाकूड वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले, तेव्हाही कोणी दगड उचलला नाही. शेजारच्या गावांनी आपापली गोटुले बांधून उत्तर दिले.

या धीराला कायद्यानेही पुढे साथ दिली. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला मान दिला, 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील सामूहिक हक्क मान्य केला. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. 1927 च्या कायद्यात बांबू हे ‘झाड’ होते आणि झाडावर खात्याची मालकी. गावाने अर्ज, कायदा आणि युक्तिवाद यांचा पाठपुरावा सोडला नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले.

दोन तीर

हे सारे शांत काळात घडले, असे कोणी समजू नये. 1980 च्या सुमारास नक्षलवाद्यांची दले गोदावरी ओलांडून या भागात आली. पोलिसांचा खबऱ्या ठरवून पोलीस पाटील, सरपंच, साधे शेतकरी मारले गेले; उलट बाजूने नक्षलवाद्यांचा साथीदार ठरवून माणसे छळली गेली. 2009 च्या ऑक्टोबरात भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ 17 पोलिसांना प्राण गमवावे लागले. ज्या वर्षी मेंढ्याच्या हाती हक्काचा कागद आला, त्याच वर्षी याच जिल्ह्यात ही 17 घरे उजाड झाली.

इंद्रावतीच्या पलीकडे, बस्तरात, 2005 साली सलवा जुडूम उभे राहिले. गावकऱ्यांपुढे प्रश्न टाकला गेला : या बाजूचे की त्या बाजूचे? मधली जागाच नष्ट झाली. गावे ओस पडली, माणसे छावण्यांत गेली किंवा जंगलात पळाली, कित्येक नदी ओलांडून परराज्यांत गेले. 5 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रे देण्याची ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. मेंढ्याच्या हाती परवाना आला त्याला तेव्हा सव्वादोन महिने झाले होते. एका तीरावर लोकांना बाजू निवडायला लावले गेले. दुसऱ्या तीराकडच्या एका लहान गावात लोकांना बसून बोलायला शिकविले गेले. दोन्हींचे फळ एकाच उन्हाळा-पावसाळ्यात देशापुढे आले.

या काळात हेमलकशाच्या दवाखान्याने रुग्णाचा पक्ष विचारला नाही. ही तटस्थता अलिप्ततेची नव्हती. ज्या समाजात प्रत्येक दारावर ‘तू कोणाचा?’ असे विचारले जाते, तेथे एक तरी दार असे लागते जेथे फक्त ‘तुला काय होते आहे?’ असे विचारले जाईल. असे दार जेथे शिल्लक असते, तेथे पुन्हा बोलणे सुरू होण्याची आशा असते.

मर्यादा आणि बोध

सर्वसहमतीचे गोडवे गाताना तिच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. शेपन्नास घरांच्या गावात जे साधते ते कोट्यवधींच्या देशात जसेच्या तसे साधणार नाही. तेथे मतदान लागेलच. सहमतीच्या नावाखाली दुबळ्याला गप्प बसविले जाऊ शकते; आदिवासींच्या जुन्या जातपंचायतींतही स्त्रियांना पुष्कळदा बोलण्याची जागा नव्हती. मेंढ्याची सहमती खरी ठरली, कारण तेथे स्त्रिया सभेत बसल्या आणि बोलल्या. शिवाय सारेच तंटे सुटले, असेही नाही. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजावरून वाद आहे. 2016 च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तेथे डझनावारी वाहने जाळली, आणि पुढे खाणकाम वाढत गेले तसा गावांचा विरोधही चालू राहिला. टेबलापाशी कोण बसले आहे, हा 1980 चा प्रश्न अद्याप जुना झालेला नाही.

तरीही या अध्यायातून आपल्याला उचलण्यासारखे काही आहे. निर्णय करण्यापूर्वी, ज्याच्यावर त्याचा सर्वाधिक भार पडणार तो सभेत आहे काय, हे पाहावे. अभ्यासाची बैठक आणि निर्णयाची बैठक वेगळी ठेवावी. हरणाऱ्याच्या म्हणण्यातील जे घेता येईल ते निर्णयात घ्यावे, म्हणजे निर्णय त्याचाही होतो. विरोध मुद्द्याला करावा, माणसाच्या घराचा उंबरा चढणे थांबवू नये. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. ग्रामपंचायतीत, सोसायटीत, पतपेढीच्या वार्षिक सभेत, आपल्या धर्मग्राम परिषदेतही हे उद्यापासून करता येईल.

परवाच्या निवडणुकीत ज्या घराशी आपले बिनसले, त्या घरी येत्या रविवारी मिस्सानंतर जाऊन बसावे. मत बदलण्याची गरज नाही. चहा मात्र नाकारू नये.