कोरवंजींतील सिंगा-सिंगीचा संवाद व सरफोजी महाराजांचा भूगोल

तंजावरचे महाराज दुसरे सरफोजी (राज्यकाल 1798–1832) यांच्या ‘देवेंद्रकोरवंजी’ या मराठी नाटकाचा उल्लेख आमचे विद्वान् बहुधा एक चमत्कार म्हणून करितात. कोरवंजी, म्हणजे भविष्य सांगत हिंडणारी डोंगरी स्त्री, इंद्राणीस पृथ्वीवरील खंड व देश गाऊन सांगते, हें पाहून त्यांस हंसूं येतें. आणि श्वार्ट्‌झ पाद्र्याची शिकवण राजाच्या अंगीं मुरली होती, एवढें म्हणून ते मोकळे होतात. आमच्या मतें हा निर्णय अपुरा आहे. भूगोल पाश्चात्त्यांकडून आला हें खरें. परंतु तो कोरवंजीच्याच तोंडीं कां घातला?

याचें उत्तर तमिळ कोरवंजींत आहे. त्रिकूडराजप्प कविरायाची ‘कुट्राल कोरवंजी’ ही 18व्या शतकाच्या पूर्वार्धांतील कृति या प्रकारांत सर्वमान्य आहे. तिच्या पूर्वभागांत विरहिणी नायिका व तिचा हात पाहणारी सिंगी. पुढें सिंगीचा नवरा, पक्षी धरणारा सिंगा, तिला शोधीत येतो आणि भेट होतांच दोघांचें गाण्यांतून प्रश्नोत्तर जुंपतें. बायकोच्या अंगावरील दागिने पाहून तो बिचकतो. पायावर ही भली मोठी घोणस कां पडली आहे, असें तो विचारतो. तो सालेमकडे भविष्य सांगून मिळविलेला वाळा, असें ती सांगते. करंगळीशीं वेटोळें घालून बसलेला किडा म्हणजे कंडी देशचें जोडवें! नवरा भाबडा कीं संशयी, हें गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतें. इटलींत पेर्गोलेसीनें 1733 सालीं धनी व दासी यांचें असेंच भांडण रंगभूमीवर गावविलें. आम्हां खानदेशकरांस तर कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब घरचेच आहेत.

वाचकांनीं येथें देशनामांकडे लक्ष द्यावें. दागिन्यामागें एक देश, अशी ही विनोदी यादी आहे. हिंडफिऱ्या बाईनें पाहिलेले मुलूख मिरवावे, हा कोरवंजीचा जुनाच धर्म. सरफोजींनीं तो मोडला नाहीं. सालेम-कंडीची वेस ओलांडून पृथ्वीभर पसरला, असें आमचें अनुमान आहे. हा प्रकार त्यांस परका नव्हता. खुद्द त्यांच्यावरच शिवक्कोळुंदु देशिकरानें ‘शरभेंद्रभूपाल कोरवंजी’ रचिली व ती तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळांत होत असे.

असो. संग्राहकांस एक विनंति. तंजावरी नाटकांच्या पोथ्यांत पदांच्या शिरीं राग व ताल लिहिलेले असतात. नक्कल करितांना ते व पात्रांचीं नांवें निरुपयोगी म्हणून गाळलीं, तर दोन कंठांचा झगडा नाहींसा होऊन हातीं केवळ गांवांची यादी उरते. आणि मग ती काव्याखालीं न लावतां भूगोलाखालीं लावली जाते.