एवढ्या वर लायसन कोण विचारतंय?



बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आमच्या गटात थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं होतं. २०२५च्या जुलैत शुभांशू शुक्लांची गोष्ट निघाली. अंतराळ स्थानकातून ४ जुलैला ते हॅम रेडिओवर बंगळूरला जमलेल्या मुलांशी बोलले होते. त्याला लायसन लागतं असं कळल्यावर एक आजी म्हणाल्या, "एवढ्या वर लायसन कोण विचारतंय?" आम्ही हसलो. पण उत्तर कुणालाच येईना, म्हणून माहिती काढली.

तर विचारतात!

आपला कम्युनिटी रेडिओ बोलतो आणि गाव ऐकतं. हॅम रेडिओवर दोन्हीकडून बोलता येतं. हा हौशी माणसांचा रेडिओ, त्यावर धंदा करायचा नाही. परीक्षा द्यायची, सरकारकडून परवाना घ्यायचा. मग प्रत्येकाला अक्षरं-आकड्यांची एक खूण मिळते, गाडीच्या नंबरासारखी. बोलताना ती सांगावीच लागते. लहरींना बांध नसतो. दोघं एकाच लहरीवर बोलायला लागले तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. आपल्या बैठकीत होतं तसंच!

अंतराळातून असं पहिल्यांदा बोलले अमेरिकेचे ओवेन गॅरियट. १९७३ साली ते स्कायलॅब स्थानकात ५९ दिवस राहिले, पण तेव्हा हॅम रेडिओ नेण्याची परवानगी मिळाली नाही. दहा वर्षं गेली. २८ नोव्हेंबर १९८३ला ते कोलंबिया यानातून पुन्हा गेले, तेव्हा हातात मावेल एवढा संच सोबत होता. अँटेना यानाच्या खिडकीला लावायची आणि कामातून सुट्टी मिळाली की बोलायचं. खूण सांगायची 'डब्ल्यू ५ एल एफ एल', जमिनीवरून बोलताना सांगायचे तीच. त्यांच्याशी बोलणाऱ्यांत जॉर्डनचे राजे हुसेनही होते. राजांचीही खूण होती, 'जे वाय १'.

अमेरिकेच्या नियमात ५० किलोमीटरच्या वरचं हॅम केंद्र म्हणजे अंतराळ केंद्र. ते चालवणाऱ्यालाही परवाना हवाच. स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं, खालून किती देश जातात. मग कुणाचा कायदा धरायचा? ज्या देशाच्या परवान्यावर केंद्र चालतं, त्याचा. म्हणून आज एकाच स्थानकावर अमेरिकेची खूण वेगळी आणि रशियाची वेगळी.

पण देशच राहिला नाही तर? सर्गेई क्रिकालेव मे १९९१ मध्ये सोव्हिएत देशातून मीर स्थानकात गेले. खूण 'यू ५ एम आय आर'. डिसेंबरात तो देश फुटला. हे वरच. मार्च १९९२ मध्ये उतरले, ३११ दिवसांनी. त्या काळात ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट इयाक्विंटो हॅम रेडिओवरून त्यांच्याशी बोलायच्या. देशाचे कागद बदलत होते, तेव्हा एका बाईचा आवाज रोजच्या माणसासारखा त्यांच्यापर्यंत पोचत होता. आम्हाला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आता बंगळूरच्या मुलांचं. त्यांच्याकडे परवाना नसला तरी चालतं. परवाना असलेला माणूस शेजारी बसतो, त्याच्या खुणेवर मुलं बोलतात. चूक झाली तर जाब त्याला. गटाचा हिशेब चुकला की बँक अध्यक्ष-सचिवालाच बोलावते ना, तसं.

आपल्या कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स, दोघींनीही हॅमची परीक्षा देऊन स्वतःची खूण मिळवली होती. अंतराळवीर म्हणून सूट नाही.

आपल्याकडे वयाच्या १२व्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. हे बैठकीत वाचून दाखवलं, तर आजींनी लगेच विचारलं, "आणि वरची मर्यादा?" नियमात तशी मर्यादा नाही. आजी आता नातीचं विज्ञानाचं पुस्तक मागून घेऊन गेल्यात.